कोसाडच्या रस्त्यातले सत्तर सेंटिमीटर

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे कारणं सांगण्याच्या ओघात ते मागे पडेल, आणि कारणं सांगण्यात मी चांगला तयार झालेला माणूस आहे. कोसाडच्या आवास वसाहतीतून रुग्णांना डायलिसिसला नेणाऱ्या एका व्हॅनचालकाला मी लेखी उत्तरात खोटं पाडलं. तो खरं सांगत होता. माझ्या त्या चार ओळींमुळे त्याला व्हॅनवरून काढलं. तेव्हा मी त्याला पाहिलेलंही नव्हतं.

माझं काम नकाशांचं आहे. फोनमध्ये जे दिसतात ते. एका ठेकेदार कंपनीसाठी मी सुरत आणि आसपासच्या रस्त्यांची दुरुस्ती करतो. पूर्वी रिंग रोडला आमचं ऑफिस होतं. अकरा जण होतो, चार वाजले की खाली चहाला एकत्र उतरायचो. मग कंपनीने जागा सोडली आणि सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. माझ्या बाबतीत घर म्हणजे भेस्तानमधल्या दोन खोल्या, आणि त्यात मी एकटा. बायको मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली, तिथल्या शाळेत तिला नोकरी लागली, मुलीचं शिक्षण संपलं तरी ती तिथेच राहिली. भांडण वगैरे काही झालं नाही. परत कधी येणार हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. एक दिवसाआड फोन होतो. जेवलात का, पाणी आलं का, गोळी घेतली का.

सकाळी संगणक सुरू केला की अख्खं सुरत समोर उघडतं. कुठल्या पुलाखालून डावीकडे वळता येतं आणि कुठे येत नाही, हे मला पाठ आहे. पण समोरच्या बिऱ्हाडातल्या माणसाचं आडनाव दारावर वाचल्याशिवाय मला आठवत नाही. मागच्या बाजूला लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, गाळे आहेत, त्यांचा खडखडाट दिवसभर चालू असतो. तो थांबला की मी दचकतो. काही दिवस असे जायचे की दुधाच्या दुकानात ‘एक पिशवी’ म्हटलं, तेवढंच काय ते बोलणं.

चूक कशी झाली ते सांगायला थोडं कामाबद्दल सांगावं लागेल.

नकाशात रस्ता ही एक अखंड रेघ नसते. जिथे जिथे गल्ली फुटते तिथे तिथे तो तुटतो, आणि असे तुकडे टोकाला टोक लावून ठेवलेले असतात. मार्ग शोधणारं यंत्र रस्ता बघत नाही. ते फक्त कुठलं टोक कुठल्या टोकाला चिकटलंय ते बघतं. समोरासमोरच्या दोन गल्ल्या अगदी समोरासमोर नसतील, एखादं पाऊल पुढेमागे असतील, तर मुख्य रस्त्यावर त्या दोघींच्या मध्ये एक अगदी चिमुकला तुकडा उरतो. वीतभराचा, हातभराचा. काही तुकडे खरे असतात, पण बरेचसे रेघ ओढणाऱ्याचा हात हलल्यामुळे झालेले. त्यांचा त्रास फार. गाडी सरळ जात असते आणि फोन म्हणतो, डावीकडे वळा, लगेच उजवीकडे वळा. कधी मार्ग त्या तुकड्याला अडखळून भलतीकडून फिरतो.

कंपनीने मला हे तुकडे साफ करायला सांगितले. एकेक तुकडा उघडून बघायचा, त्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडायची आणि मग तुकडा काढायचा, ही खरी पद्धत. ती मला माहीत होती. नवीन आलेल्यांना मीच ती शिकवली होती. पण तुकडे हजारोंनी होते, म्हणून मी एक नियम लिहिला. मीटरपेक्षा लहान तुकडा दिसला की काढून टाक. अर्ध्या मीटरच्या आत असलेली टोकं जोडून टाक. हे दोन आकडे मी एकाच दिवशी लिहिले नव्हते, आणि दुसरा लिहिताना पहिला आठवला नाही. अर्ध्या मीटरपासून मीटरपर्यंतचे जे तुकडे होते ते निघून गेले आणि त्यांची टोकं तशीच सुटी राहिली.

कोसाडच्या मुख्य रस्त्यावरचा तुकडा सत्तर सेंटिमीटरचा होता.

पडद्यावर काहीच दिसलं नाही. नकाशावर रस्त्याची रेघ जाड काढतात, ती अशा फटीवरून सहज जाते. म्हणूनच नियम चालवल्यावर मार्ग काढून बघायचे असतात. या ठिकाणाहून त्या ठिकाणी जा, असं यंत्राला सांगायचं आणि ते नीट जातंय ना हे बघायचं. मी बघितले. रिंग रोड बघितला, हायवे बघितला, स्टेशन, विमानतळ, मोठी हॉस्पिटलं बघितली. यादीत कोसाड होतं. त्यावर मी खूण केली आणि पुढे गेलो. तिथे कोण नकाशा बघून जातंय, असं मनात आलं होतं. माझे वडील अमळनेरकडून येऊन आयुष्यभर लूमवर उभे राहिले. आमच्या वस्तीत पत्ता सांगायचा तर पानाच्या गादीवरून आणि टेम्पो स्टँडवरून सांगायचे. तिथली माणसं मला माहीत आहेत, या भरवशावर मी त्यांनाच गाळलं. दुसरा कोणी असता तर त्याने यादी आहे म्हणून निमूटपणे तपासणी केली असती.

दोन आठवड्यांनी तक्रार आली. अमरोलीच्या एका डायलिसिस केंद्राकडून, तिथल्या मॅनेजरबाईंनी पाठवलेली. त्यांची व्हॅन कोसाडहून रुग्ण आणते. चालकाने फोन दाखवेल त्याच मार्गाने जायचं, असा केंद्राचा नियम. आता व्हॅन रोज अर्धा तास उशिरा येते, आणि चालक म्हणतो की फोनच नहेरीवरून लांबून नेतो. सुरतेत कालव्याला सगळे नहेर म्हणतात. हे खरं आहे का ते कळवा. सोबत एक फोटो होता.

मी ती जागा पडद्यावर आणली. रस्ता सरळ, सलग दिसत होता. सरळ रस्ता असताना यंत्र नहेरीवरून का नेईल? म्हणजे चालकच कुठेतरी जात असणार, स्वतःची कामं उरकत असणार आणि नाव फोनचं पुढे करत असणार. मार्ग काढून बघायला दोन मिनिटं लागली असती. फोटो उघडायला तेवढीही नाही. मी लिहिलं: जागा तपासली. रस्ता सलग आहे. नकाशात दोष नाही. फोन या मार्गाने नेतो हे चालकाचं म्हणणं संभवत नाही. तक्रार बंद.

लिहून झाल्यावर मी भाजी फोडणीला टाकली, एवढं मला आठवतं.

पुढे महिनाभराने कोसाडला जाणं झालं. वडिलांबरोबर लूमवर काम केलेले एक काका वारले होते, त्यांच्या गंधमुक्तीचं, म्हणजे दिवसांचं, जेवण होतं. कोणी बोलावलं की मी हल्ली कुठेही जातो. तेवढीच माणसं दिसतात. फोनवरून रिक्षा बोलावली. रिक्षावाला बिहारकडचा होता, या भागात नवा. मुख्य रस्त्यावर आलो, पुढे वसाहतीच्या इमारती दिसत होत्या, आणि त्याने रिक्षा नहेरीकडे वळवली.

मी म्हटलं, “भैया, सीधा लो ना. सामने तो है.”

“मॅप में नहीं है, साहब.”

“अरे, दिख रहा है ना सामने!”

“दिखता तो है,” तो म्हणाला, “पर मॅप में नहीं है. आगे से बंद निकला तो फिर आप ही चिल्लाओगे.”

नहेरीच्या कडेने आम्ही मोठा वळसा घेतला. मागे बसून मी त्याच्या फोनवरची निळी रेघ बघत होतो. मांडवात पंगत बसली होती, कोणीतरी मला हाताला धरून बसवलं, वरण-बट्टी वाढली. शेजारच्याने विचारलं, आजकाल काय करतोस. मी म्हटलं, कॉम्प्युटरचं. दुसरी बट्टी मी ताटातच सोडली.

घरी येऊन मी ती जागा मोठी करत गेलो. आणखी मोठी, आणखी. शेवटी रेघ फाटली आणि मध्ये पांढरी फट दिसली. मग जुनी तक्रार काढली आणि फोटो उघडला. व्हॅनमध्ये समोर लावलेला फोन, त्यावर नहेरीकडे वळलेली निळी रेघ, आणि फोनच्या मागे काचेतून दिसणारा सरळ, मोकळा रस्ता. दोन्ही एकाच फोटोत. कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं, रस्त्याकडे दाखवणारं बोट आलं होतं. बोटाच्या मागे मनगट दिसत होतं आणि त्याला डायलिसिसच्या सुयांची चिकटपट्टी होती. चालकाने कोणा रुग्णाला सांगून तो काढून घेतला असणार.

फट मी दहा मिनिटांत जोडली. अशा आणखी कुठे फटी आहेत तेही शोधलं, त्याही जोडल्या. दुरुस्तीचं कारण लिहायच्या जागी ‘नेहमीची देखभाल’ असं लिहिलं. केंद्राला कळवलं नाही. रस्ता नीट झालाय, व्हॅन वेळेवर जात असेल, मग आता कशाला, असं तीन महिने मी स्वतःला सांगत राहिलो. दरम्यान कंपनीची मेल आली. माझ्या बंद केलेल्या तक्रारी पुन्हा फारशा उघडल्या जात नाहीत म्हणून कौतुक केलं होतं. ती मेल मी कोणाला दाखवणार?

बायकोला फोनवर सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. पाणी आलं का झालं, गोळी झाली, आणि ती फोन ठेवणार एवढ्यात मी सगळं बोलून टाकलं. ती ऐकत होती. मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली.

“त्या माणसाला सांगितलं का तुम्ही?”

“दुरुस्त केलं ना सगळं.”

“ते नकाशाचं झालं. त्या माणसाचं विचारतेय मी.”

“नाही.”

“मग जा,” ती म्हणाली. “तुम्ही कुणाकडे आपणहून जात नाही कधी. मी बघितलंय ते.” आणि फोन ठेवला.

अमरोलीच्या केंद्रात मी गेलो तेव्हा मॅनेजरबाईंना भेटायचा धीर झाला नाही. बाहेरच्या बाकावर एक रुग्ण बसले होते, साठीकडे आलेले, डाव्या हाताला पट्टी. मी त्यांच्याजवळ, उशीर व्हायचा तेव्हा व्हॅनवर असलेल्या चालकाची चौकशी केली.

“त्याला काढलं ना,” ते म्हणाले. “भला माणूस. माझी चप्पलसुद्धा उचलून ठेवायचा. रोज उशीर व्हायचा, मग आमचा मशीनवरचा अर्धा तास कापायचे, कारण पुढची पाळी उभीच असते. आम्ही पण शिव्या घातल्या त्याला. म्हणायचा, फोन नेतो. मी त्याला फोटोपण काढून दिला. तर वरून लेखी आलं म्हणे, हा खोटारडा आहे. नवा ड्रायव्हर फोन न लावता सरळ आणायला लागला, म्हणून बाकीच्यांना ते खरंच वाटलं.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “तुम्ही कोण त्याचे?”

“ओळखीचा,” मी म्हटलं. हेही खोटंच.

त्यांच्याकडून कळलं की तो आता कडोदऱ्याला कापडाच्या ताक्यांचा टेम्पो चालवतो आणि रविवारी घरी असतो. इमारत आणि मजलाही त्यांनी सांगितला.

रविवारी सकाळी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं.

“कोन शे?” तिने विचारलं, आणि मी नाव सांगायच्या आत म्हणाली, “बठा ना भाऊ. त्या खाले गयात, येतीन आते.”

ती आमच्या घरचीच अहिराणी होती; ऐकून मी आणखीच ओशाळलो आणि खाली बसलो. तो पाच मिनिटांत आला. माझ्याच वयाचा, कानाजवळ पिकलेला, हातात कोथिंबिरीची जुडी. मी उभा राहिलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. नियम, दोन आकडे, फट, न उघडलेला फोटो, चार ओळी. तो चिडेल, हाकलून देईल, यासाठी मी मनाची तयारी करून आलो होतो. तो कोथिंबीर हातात धरून ऐकत राहिला.

“केवढी फट म्हणालात?”

“सत्तर सेंटिमीटर.”

त्याने खाली वाकून फरशीवर दोन तळहात ठेवले. “एवढी?”

“थोडी जास्त.”

त्याने हात सरकवले. मग स्वयंपाकघराकडे बघून ओरडला, “देख वं! एवढासा रस्ता तुटना, नि मी खोटा पडनू!”

ती दाराशी आली, फरशीवरचे हात पाहिले. “मी बी त्यास्ले इचारं व्हतं,” ती मला म्हणाली, “नहेरवर हवा खावाले जातस का म्हनीसन.” असं म्हणून ती हसली, आणि हसतानाच पदर तोंडाला लावला. तिनेही त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, आणि ते तिने मला, एका परक्या माणसाला, त्याच्यासमोर सांगितलं. तो फरशीवरून उठला नाही. मी दुसरीकडे पाहिलं.

मी म्हटलं, “मला माफ करा, भाऊ.”

“मला काय सांगता?” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “मी खरं बोलत होतो हे मला माहीत होतं. त्यात नवीन काय सांगितलं तुम्ही? टेम्पो मिळाला, पोट चाललंय. पण त्या हॉलमध्ये बाईंनी सगळ्या पेशंटांसमोर तुमचा कागद वाचला होता. वाचून झाल्यावर एक जण म्हणाला, आमच्या जिवाशी खेळतो हा. सहा वर्षं त्यांना हाताला धरून चढवलं-उतरवलं मी. तिथे जाऊन सांगा.”

“सांगतो.”

“नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ शकते.”

“मग चहा घ्या आधी,” तो म्हणाला आणि कोथिंबीर बायकोकडे दिली.

घरी गेल्यावर मी ती बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली. जे खरं होतं ते लिहिलं, ‘नेहमीची देखभाल’ ही नोंद बदलली आणि कंपनीला पाठवलं. हे लिहीपर्यंत त्यांच्याकडून काही आलेलं नाही. रोज सकाळी पासवर्ड चालतो का, हे बघून मी कामाला बसतो.

मंगळवारी त्याने टेम्पोवर अर्धी सुट्टी घेतली. केंद्राच्या दाराशी भेटला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्ही आधी मॅनेजरबाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी माझं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पण तुम्हीच तर लिहिलं होतं ना?”

“हो. ते चुकीचं होतं.”

“मी माणसावर विश्वास ठेवू की कागदावर, सांगा भाई. कागद तुमचा होता.” मग चालकाकडे न बघता म्हणाल्या, “आता दुसरा ड्रायव्हर आहे. त्याला कसा काढू?”

“मी नोकरीसाठी नाही आलो, बेन,” तो म्हणाला. “यांना हॉलमध्ये बोलू द्या.”

बाईंनी उठून दार उघडून दिलं. हॉलमध्ये आठ खाटा होत्या, आठ यंत्रं. सकाळची पाळी चालू होती. बाकावर भेटलेले ते साठीचे रुग्ण कोपऱ्यातल्या खाटेवर होते. त्यांनी मला ओळखलं आणि उशीवरून मान उचलली. चालक भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभा राहिला. मी बोलायला लागलो. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, “जोर से बोलो भाई, मशीन चलती है.” इतक्या माणसांसमोर मी किती वर्षांत बोललो नव्हतो. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्याने, मराठीतच, कारण कोसाडहून येणारे बहुतेक आमच्याकडचेच होते.

“त्या महिन्यात तुमची व्हॅन रोज उशिरा आली. तुमचा मशीनवरचा वेळ कापला गेला. ते यांच्यामुळे नाही झालं. फोन नहेरीवरून नेतो असं हे सांगत होते, ते खरं होतं. नकाशातला रस्ता मी तोडला होता. मला यांचा फोटो आला होता, तो मी उघडला नाही, आणि न बघता लिहून दिलं की हे खोटं बोलतात. तो कागद तुमच्यासमोर वाचला गेला, म्हणून तुमच्यासमोरच सांगतो, तो कागद खोटा होता. मला कळल्यावरही मी तीन महिने गप्प बसलो. तुमच्या गेलेल्या वेळेबद्दल मी तुम्हा सगळ्यांची माफी मागतो. आणि भाऊ, तुमचीही. तुम्हाला न भेटता, न विचारता, मी तुम्हाला खोटं ठरवलं. माझं चुकलं.”